मागच्या सीटवरचं चाक

"ताई, म्या काहीच केलं नाई, तरी सगळं गाव मलेच शिव्या देऊन राह्यलं!" असं म्हणत निकेश चंद्रपूरच्या त्या चिंचोळ्या ऑफिसात शिरला आणि कोणी बस म्हणायच्या आत बसला.

दिव्यानी बोरकुटेचा खाजगी तपासाचा धंदा नवा होता, पण डोकं तल्लख होतं. मदतीला मावसभाऊ भूपेश. त्याचंही डोकं चालायचं, फक्त जरा उशिरा.

हकिगत अशी होती. चामोर्शीजवळच्या एका गावात डोमाभाऊ तलावात मासेमारी करायचे. त्यांच्या मुलीशी, आचलशी, निकेशचं लग्न जमलं होतं आणि रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. बाजाराच्या दिवशी गाव चामोर्शीला गेलं. दुपारी परत येऊन बघतात, तर काठावर वाळत घातलेलं डोमाभाऊंचं जाळं तुटलेलं, आणि त्यावरून रुंद टायरचे ठसे गेलेले.

"तसे टायर अख्ख्या तालुक्यात माह्याच गाडीले आहेत," निकेश म्हणाला. गाडी म्हणजे नागपूरहून आणलेली जुनी, लाल, दोन दरवाजांची स्पोर्ट्स कार. टायरचा विषय निघाला तसा त्याचा चेहरा खुलला. "पुढचे रुंद, अन् मागचे त्याहून चार बोटं रुंद! स्टेपनीबी मागच्याच मापाची घेतली. डिक्कीत मावत नाई, म्हणून मागच्या सीटवर ठेवतो. आचल अन् तिच्या मैना आत्याले मार्कंड्याच्या देवळात नेलं, तवा आत्याले जागा पाहिजे म्हणून स्टेपनी डोमाभाऊच्याच अंगणात उतरवली. तिथीच राह्यली."

"जाळं तुटलं तेव्हा गाडी कुठं होती?"

"मुखरूच्या ग्यारेजात. टायर मडगार्डले घासत होते. पण डोमाभाऊ ऐकत नाई. साक्षगंध मोडलं म्हणते. ताई, मले आचल आवडते हो. रविवारच्या आत काहीतरी करा."

"आचल काय म्हणते?"

निकेश गोंधळला. "ती काय म्हणणार?"

दिव्यानीनं चहा संपवला आणि स्कूटरची चावी भूपेशकडे फेकली.

चामोर्शीत मुखरू मेकॅनिक गाडीच्या मागच्या बाजूला हातोडी घेऊन बसला होता. गाडी ठोकळ्यांवर होती. "चारी चाकं खोलून आत कुलपात ठेवली जी. मडगार्ड आतून ठोकून राह्यलो. बिनचाकाची गाडी कोण नेईन?"

समोरच्या पानठेल्यावाल्यानंही तेच सांगितलं. गाडी त्या दिवशी जागची हललीच नव्हती.

भूपेशचं डोकं गरगरलं. "गाडी इथं, ठसे तिथं! हे कसं काय?"

तलावाच्या काठचा चिखल अजून ओला होता. टायरचे दोन पट्टे जाळ्यावरून जाऊन बाभळीपाशी वळले होते. दोन्ही सारखेच रुंद. मधलं अंतर मात्र कुठं जास्त, कुठं कमी.

"ड्रायव्हर प्यायलेला असणार," भूपेश म्हणाला आणि शेजारीच म्हशीच्या खुरानं पडलेल्या खड्ड्यात घोट्यापर्यंत रुतला. टायरचे ठसे मात्र नुसते वरवरचे होते. दिव्यानीनं जाळं उचललं. तुटलेल्या धाग्यांची टोकं सरळ, एकसारखी होती.

"हे जुनं होतं, बाई," डोमाभाऊ म्हणाले. "नवं जाळंबी बाजूलेच होतं. नशीब, आचलनं ते सकाळीच घरात नेलं. तिचं डोकं दुखत होतं, बाजाराले आली नाई."

डोमाभाऊंच्या अंगणात कोंबड्यांनी सगळीकडे घाण केली होती. भिंतीला टेकवलेली स्टेपनी तेवढी लख्ख होती, खाचांतसुद्धा धूळ नव्हती. "जावयाच्या चाकाचीही बडदास्त!" भूपेश हसला.

आचल दारात उभी होती. "गाडीचा आवाज आला होता?" दिव्यानीनं विचारलं.

"नाई."

"ती गाडी तर दोन गावांवरून ऐकू येते," भूपेश पुटपुटला.

आचलनं हळूच विचारलं, "आता साक्षगंध नाई होत ना?"

पोरीचा जीव किती तुटतोय, असं वाटून भूपेशला भरून आलं.

शनिवारी सकाळी दिव्यानीनं सगळ्यांना त्याच अंगणात बसवलं. निकेश बसनं आला होता. गाडी अजून ठोकळ्यांवरच होती.

"डोमाभाऊ, तलावावर गाडी आलीच नव्हती," ती म्हणाली. "जिथं म्हैस घोटाभर रुतते, तिथं गाडीचे ठसे वरवर कसे? गाडीची पुढची चाकं मागच्यांपेक्षा अरुंद आहेत. वळणावर पुढच्या-मागच्या चाकांचे वेगळे पट्टे पडतात. इथं दोनच पट्टे, तेही सारखे रुंद. अन् गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर कधी कमीजास्त होत नाही. म्हणजे एकच सुटं चाक हातानं ढकललं. आधी एकदा, मग पुन्हा शेजारून."

सगळ्यांच्या नजरा भिंतीकडे वळल्या.

"गावात सुटं चाक हे एकच. कोंबड्यांच्या अंगणात ते लख्ख, कारण चिखल धुतला. जाळं टायरनं फाटलं नाही, कापलंय. ज्यानं कापलं त्यानं नवं जाळं आधी आत ठेवलं. त्याला डोमाभाऊंची काळजी होती, फक्त साक्षगंध नको होतं. नाव मी घेणार नाही."

आचल उठून उभी राहिली.

"मीच कापलं, बाबा," आचल म्हणाली. "मार्कंड्यापर्यंत जाताना-येताना हे टायरचंच बोलत होते. तुमी सगळ्यायनं गाडी पाह्यली, खुश झाले. मले कोणी इचारलं काय?"

डोमाभाऊंनी जाळ्याचं कापलेलं टोक बोटांत धरलं. चूक आपलीच, हे त्यांना कळलं होतं. "आता इचारतो, माय. करतं काय हे लगन?"

"नाई."

"मंग नाई."

निकेश उठला. "म्हणजे मी सुटलो, ताई?"

"सुटलास," दिव्यानी म्हणाली. तिला त्याचं फार वाईट वाटलं.

निकेशनं भिंतीची स्टेपनी उभी केली आणि ढकलत ढकलत बस थांब्याकडे निघाला. एकदा थांबून त्यानं मागं वळून आचलकडे पाहिलं. ओल्या वाटेवर त्याच्यामागे एक रुंद, वरवरचा पट्टा उमटत गेला.

भूपेश त्या पट्ट्याकडे बघत राहिला. "असं होय!" तो म्हणाला.