पैलवानाला जोड

जनावरांच्या दवाखान्यात निशिगंधाचा नंबर अकरावा होता, आणि नववा नंबर लागेपर्यंत तिच्या पैलवानाने एका अनोळखी माणसाच्या पायावर बूड टेकलं होतं. पैलवान म्हणजे तिचा लॅब्रडॉर. शिवाजी पेठेत वाढल्यामुळे नाव तालमीतलं मिळालं होतं. बाकी मिक्सर सुरू झाला की तो पलंगाखाली जायचा.

"अहो, सॉरी... ऊठ रे."

"बसू दे की. पाय माझा हाय, मला चालतंय." त्या माणसाने वाकून पैलवानाच्या कानामागे बोटं घातली. "ह्यो आजारी न्हाय पर. कंटाळलाय."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"न्हाय. कोडोलीत शेतावर कुत्री सांभाळतो. मालक गावाला गेलं की माझ्याकडं सोडून जात्यात. काही परत न्यायला येतच न्हाईत."

त्याचं नाव अमरसिंह. शर्टाला ओल्या गवताचा वास, आणि डाव्या कानावरचे केस न्हाव्याने विसरलेले. निशिगंधाने हे सगळं टिपलं. टिपणं हा तिचा धंदाच होता. दूध संघाच्या प्रयोगशाळेत ती दिवसभर रकाने भरायची.

डॉक्टरांचंही तेच मत पडलं. घरात माणसं दोनच. निशिगंधा कामावर, आणि तिची आत्या, जिला सगळी पेठ आक्का म्हणायची, शिवणाच्या क्लासात. पैलवान दिवसभर दाराकडे बघत बसायचा आणि ताटातलं अर्धं तसंच ठेवायचा. दुसरं कुत्रं आणा, म्हणाले.

पण कुठल्या जातीचं? निशिगंधाने वही काढली आणि रकाने आखले: जात, भूक, केस, भुंकणं, पाहुण्यांशी वागणूक, निकाल. दोन दिवसांत गल्लीने सात जाती सुचवल्या, आणि प्रत्येकाने दुसऱ्याची जात खोडून काढली. चौथ्या दिवशी तिने अमरसिंहला फोन लावला.

"वहीत न्हाय ठरत हे," तो म्हणाला. "दर रविवारी एक घेऊन येतो. पैलवानाला पसंत पडलं की ठेवा."

पहिल्या रविवारी रंकाळ्यावर त्याने टेम्पोतून एक जर्मन शेफर्ड उतरवला आणि नियम सांगितला. "पहिल्या भेटीत तोंडासमोर तोंड आणायचं न्हाय. शेजारी शेजारी चालवायचं. नजर भिडली की भांडणं लागत्यात."

"आणि चालवणाऱ्यांची भिडली तर?"

अमरसिंह पाण्याकडे बघत राहिला. "त्येचा... माझा अभ्यास न्हाय."

मग चौघं शेजारी शेजारी चालले. कुत्री वास घेत, माणसं न बघता बोलत. कणसाच्या गाडीचा धूर अंगावर आला तेव्हा दोघं एकदमच खोकले, आणि त्याचंही हसू दोघांनी वेगवेगळ्या दिशेला तोंड करून उरकलं.

घरी आक्काने कांदेपोहे केले होते. बशी हातात ठेवून तिने पाहुण्याला समोर बसवलं.

"पावणं, घरात किती जण?"

"बारा कुत्री."

"माणसं इचारली मी."

"आई, मी, धाकटा भाऊ."

"शेत पाण्याखाली हाय?"

कुत्र्याच्या निवडीत शेताचं काय, हे निशिगंधाला कळलं नाही. पण आक्काच्या प्रश्नांच्या मधे पडायची पेठेत कोणाची टाप नव्हती.

शेफर्ड गुणी होता. तरी तिने लिहिलं: फार शिस्तीचा, घरात दडपण येईल. दुसऱ्या रविवारी पॉमेरियन आला, केस गळतात. तिसऱ्या रविवारी शिकारी मुधोळ. आमच्या गल्लीत पळायला जागा कुठे. चौथ्याला बीगल आला. त्याने आक्काचे पोहे पळवले, आणि निशिगंधाला वाटलं, बरं झालं, कारण शोधावं लागलं नाही.

असं का वाटावं? सोमवारी सकाळी दुधाचे नमुने तपासताना तिला हे कोडं पडलं. कुत्रं टेम्पोतून उतरायच्या आतच ती त्याचा दोष शोधत होती. तिला कुत्रं हवं होतं. मग नकार देताना एवढं हलकं का वाटत होतं?

आणि एक गोष्ट वहीत नव्हतीच. टेम्पोच्या पुढच्या सीटवर दर रविवारी एक तपकिरी गावठी कुत्री बसलेली असायची, एक कान पडलेला. नाव भाकरी. ती अमरसिंहची सोबतीण, दाखवायच्या कुत्र्यांतली नव्हे. पैलवान मात्र आधी टेम्पोच्या दारावर पंजे ठेवायचा, आणि टेम्पो दारात उभा असेपर्यंत त्याचं ताट चाटूनपुसून लख्ख व्हायचं. निशिगंधाला हे दुसऱ्या रविवारीच दिसलं होतं. तिने भाकरीसाठी ओळच आखली नाही. ओळ आखली की निकाल आला, आणि निकाल आला की रविवार संपले.

पाचव्या रविवारी रंकाळ्यावर अमरसिंह टेम्पोचं मागचं फळकं उघडायला लागला, तशी ती म्हणाली, "उतरवू नका."

"डॉबरमन हाय. बघा तर."

"पैलवान शुक्रवारपासून जेवला नाही." तिचा आवाज बारीक झाला. "आणि चूक माझी आहे. त्याला भाकरी हवी होती. मला केव्हाच कळलं होतं, आणि मी... बोलले नाही."

अमरसिंहने फळकं पुन्हा लावलं.

"मला पहिल्याच रविवारी कळलं हुतं," तो म्हणाला. "मीबी तिला खाली उतरवली न्हाय."

"का?"

"तुम्ही का बोलला न्हाईसा?"

निशिगंधाने पुढचं दार उघडलं. भाकरी खाली आली, तिने पैलवानाला नाकाने एक ढुशी दिली, आणि दोघं शेजारी शेजारी अशी चालायला लागली जणू मागची चार कुत्री जन्मालाच आली नव्हती.

घरात पैलवान पुढे, भाकरी मागे. पैलवानाने ताट संपवलं, मग तिच्या ताटातलंही थोडं. निशिगंधा पाणी आणायला आत गेली आणि परत आली तेव्हा वही अमरसिंहच्या हातात होती.

"भाकरीचं लिहून टाकावं म्हटलं," तो सावकाश म्हणाला. "पर इथं आधीच एक ओळ हाय. अमरसिंह, कोडोली. भूक: पोहे, तीन बशा. केस: डाव्या कानावर जास्त. भुंकणं: नाही. पाहुण्यांशी वागणूक: नजर चुकवतो. निकाल कोरा हाय."

निशिगंधाने तांब्या खाली ठेवला. "मान खाली घालून वाचणाऱ्याचा निकाल... कसा लिहायचा?"

त्याने मान वर केली. नजर भिडली. बराच वेळ भिडलेलीच राहिली, आणि भांडण काही लागलं नाही.

आक्का पोह्यांच्या बशा घेऊन मधे उभी राहिली तेव्हा कुठे दोघं भानावर आली.

"पाच रविवार झालं, पोहं खाल्लासा पावणं. आता पसंतीचा निरोप तुमच्याकडनं यायचा, का आम्ही धाडायचा?"

"आक्का," निशिगंधा कशीबशी म्हणाली, "आपण कुत्री बघत होतो ना?"

"कुत्री तुम्ही बघत हुता," आक्का म्हणाली आणि अमरसिंहच्या बशीत लिंबाची फोड ठेवली. "मी पहिल्या दिसापासनं पावणाच बघतोय."

अमरसिंहने बशी खाली ठेवली. "आमच्याकडनंच येईल," तो म्हणाला. त्याचे डोळे मात्र अजून निशिगंधावरच होते. "आई रविवारी येईल. भाकरीला भेटायला."