टिल्लूचा मऊ बोल्ट

टिल्लू पुन्हा थांबला.

"बोल्ट तुटला आहे. कृपया नवा बसवावा," तो नेहमीच्याच शांत आवाजात म्हणाला.

बांधावर बसलेल्या शलाकाने कपाळाला हात लावला. सकाळपासून हेच चाललं होतं. एवढं हुशार यंत्र बनवणाऱ्यांना एक धड बोल्ट बनवता आला नाही?

टिल्लू हा विजेवर चालणारा, चालकाशिवाय फिरणारा छोटा ट्रॅक्टर. अवजार सेवाकेंद्राने तो वापरून बघायला दिला होता. संध्याकाळी केंद्राची माणसं येणार होती. टिल्लू ठेवायचा की त्याच्या दुप्पट ताकदीचा मोठा ट्रॅक्टर घ्यायचा, हे तोवर ठरवायचं होतं.

पावसाळ्यात गिरणा नदीला पूर आला आणि आहेरांच्या, म्हणजे शलाकाच्या घरच्या शेतात दगडगोटे पसरले. शलाकाचे बाबा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला, म्हणून आईनेच रोज वाकून वरचे वेचले होते; मातीत दडलेले तसेच राहिले होते. तिकडे कांद्याची रोपं वाफ्यात वाढून आडवी पडू लागली होती. आता लागवड झाली नाही, तर ती फेकूनच द्यावी लागणार होती.

आई उठली. उठताना तिने गुडघ्यांवर हात टेकले. आधी टिल्लूची मोटर बंद केली, पाती थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मग खिशातून एक जाड, चकचकीत बोल्ट काढला.

"हा पोलादी आहे. हा नाही तुटायचा."

"तो बसवलात तर मी अवजार फिरवणार नाही, कुंदाताई," टिल्लू म्हणाला.

"मग नको फिरवूस!" आईचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. ओरडायलाही तिच्यात त्राण उरलं नव्हतं. "मोठाच घेते. तो निदान थांबत तरी नाही."

चहाची किटली घेऊन नाना येत होते. नाना म्हणजे आईचे वडील. चंद्रावरची माती उकरणारी यंत्रं बनवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी तुटलेल्या बोल्टचे तुकडे उचलून शलाकाच्या हातावर ठेवले.

"परवा मिक्सर का बंद पडला होता गं?"

"हळकुंड अडकलं होतं. खालची ती दातेरी चकती तुटली."

"आणि मोटर?"

"मोटर चांगली होती. चकती बदलली आणि झाला चालू."

"चकती तुटली नसती तर?"

शलाका विचारात पडली. हळकुंड पात्याला फिरू देत नव्हतं आणि मोटर तर जोर लावतच होती. तो जोर जाणार कुठे?

"मोटर जळाली असती!"

"बरोबर. आता इकडे बघ." नानांनी टिल्लूच्या मागे बोट दाखवलं. तिथे पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा) होता आणि त्याला रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) जोडला होता. "पात्यात दगड अडकला तरी दांडा फिरायला बघतो. तो सगळा जोर जे सर्वांत कच्चं असेल ते मोडतो. म्हणून हा शिअर बोल्ट (ठरावीक जोराला तुटणारा मऊ बोल्ट) मुद्दाम कच्चा ठेवतात."

"म्हणजे तो बिघडत नाही, तो त्याचं काम करतो!" शलाका उभीच राहिली. "आई, मागच्या वर्षी भाड्याने आणलेला मोठा ट्रॅक्टर! त्या माणसाने असाच जाड बोल्ट घातला होता. तोही थांबत नव्हता."

आईने हळूच मान हलवली. तो थांबला नव्हता खरा, पण रोटाव्हेटरचा गिअरबॉक्स (दातेरी चाकांची पेटी) फुटला होता आणि तेल मातीत सांडलं होतं. दुरुस्ती होईपर्यंत हंगाम निघून गेला होता.

"आपला रोटाव्हेटर लहान आहे," नाना म्हणाले. "त्याला झेपेल एवढ्याच ताकदीचा ट्रॅक्टर हवा. अवजार आधी बघायचं, मग ट्रॅक्टर."

"ते पटलं, नाना. पण दर दगडाला मी बोल्ट बदलत बसू? मला नाही होत आता," आई म्हणाली.

शलाका नानांकडे वळली. तिने विचारलं, "तुमची चंद्रावरची यंत्रं? तिथे कोण बोल्ट बदलायचं?"

नाना हसले. "तिथे घसरता क्लच होता. स्प्रिंगने एकमेकींवर दाबलेल्या चकत्या. जोर फार झाला की चकत्या घसरतात, जोर ओसरला की पुन्हा पकडतात. तुटत काहीच नाही."

"असा क्लच मला जोडता येतो," टिल्लू म्हणाला. "सेवाकेंद्रात आहे."

"मग सकाळपासून बोलला का नाहीस?" आईने विचारलं.

"कुणी विचारलं नाही, कुंदाताई."

आई कितीतरी दिवसांनी हसली.

टिल्लूने निरोप पाठवला आणि केंद्राची माणसं क्लच घेऊन दुपारीच आली. तो जोडून झाल्यावर टिल्लू पुन्हा शेतात शिरला. थोड्याच वेळात खर्रर्र आवाज आला. पाती थबकली. टिल्लूने रोटाव्हेटर जरासा वर उचलला, दगड निसटला आणि पाती पुन्हा फिरू लागली.

"हाच ठेवते," आई त्या माणसांना म्हणाली. मग ती बाभळीच्या सावलीत पोत्यावर आडवी झाली आणि बोलता बोलताच तिला झोप लागली.

शलाकाने तिच्या पायांवर ओढणी घातली.

"नाना, दगड लागायच्या आधीच तो कुठे आहे, हे टिल्लूला कळेल असं करता येईल?" तिने हळू आवाजात विचारलं.

"अजून कुणाला नीट जमलेलं नाही," नाना म्हणाले. "तू बघ करून."

शलाका नांगरटीच्या कडेला उकिडवी बसली आणि एका गोट्याने जमीन ठोकून, कान लावून ऐकू लागली.