पाठीतली जागा

ठिणगी शिंप्याकडे निघाली तेव्हा दुपारचं ऊन भिंतीवरून उतरत होतं आणि तिच्या काखेतल्या पिशवीत वडिलांचा थंडीचा कोट होता. चोरून आणला असं म्हणता येणार नाही, पण विचारून आणला असंही नाही. बाबा पाण्याच्या टाकीवर झडपा फिरवायला होते. पहाटे टेकडी चढायची, संध्याकाळी पुन्हा चढायची, मधल्या वेळात जेवून गाढ झोपायचं. ते झोपले की कोट खुंटीला. तो हिने हळूच उचलला.

त्याला कोट म्हणायचं म्हणजे मोठेपणाच. कॉलर विरलेली, बाह्यांच्या कडांना नुसत्या दशा. मागच्या हिवाळ्यात बाबांच्या छातीत कफ भरला, आणि जाताना डॉक्टरांनी हिला बाजूला घेऊन सांगितलं की ही छाती असा आणखी एक हिवाळा काढणार नाही. तेव्हापासून हिने नव्या कोटाचा धोशा लावला होता. बाबा हसून विषय बदलत. आत्या म्हणे, राहू दे गं, त्याला त्यातच बरं वाटतं. ठिणगीच्या डोक्यात तिडीक जायची. या मोठ्या माणसांना एखादी वस्तू फाटेस्तोवर जुनी झाली की ती बरीच वाटायला लागते, आणि का म्हणून विचारलं की तोंडाला कुलूप.

शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. त्यांची एक पद्धत होती. कोट नवा करायचा असेल तर ते माणसाचं माप घेत नसत. जुना कोट उसवून, त्याचे तुकडे नव्या कापडावर ठेवून बेतत. माणूस मापाला उभा राहिला की छाती फुगवतो, म्हणायचे, कोट काही फुगवून सांगत नाही.

त्यांनी टाके उसवले. बाह्या, पुढचे पल्ले, सगळं टेबलावर निमूट पसरलं. पाठीचा तुकडा मात्र पसरेना. जुन्या विजारीच्या गुडघ्याला यावा तसा त्याला मधोमध फुगा आला होता. मास्तरांनी ओलं फडकं टाकून इस्त्री दाबली. वाफ उठली, ओल्या लोकरीचा वास खोलीभर झाला. इस्त्री उचलल्यावर फुगा पुन्हा हळूहळू वर आला.

"वडलांना पोक आहे का?"

नव्हतं. बाबा काठीसारखे ताठ.

मास्तरांनी अस्तर उलटं करून उजेडात धरलं. पाठीच्या जागी ते ठिकठिकाणी झिजून पार जाळीदार झालं होतं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "पाठीने असं झिजत नाही, पोरी. पाठ सगळीकडे सारखी घासते. हे तर... कोपरं आणि गुडघे लागल्यासारखं आहे. बारकी."

ठिणगीला भीती वाटली नाही. तिला वाटलं ते नुसतं कुतूहल. तिने त्या विरलेल्या जागांवरून बोट फिरवून पाहिलं, आणि मग मास्तरांना सांगितलं की पाठ सरळच कापा, माप मी आणून देते. झोपलेल्या बाबांच्या छातीभोवती टेप फिरवून तिने माप आणलं, वर सैलसर ठेवायला सांगितलं.

नवा कोट झकास झाला. राखाडी, जाड, वजनाला हलका. स्वयंपाकघरात बाबांनी घालून पाहिला तर जसा अंगावरच विणलेला. आत्यासुद्धा बरा आहे म्हणाली, आणि आत्याचं बरं म्हणजे काय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा मात्र हात मागे नेऊन खांद्याखाली चाचपत राहिले.

सकाळी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि बटणं लागेनात.

बाबा तसेच उघड्या छातीने टेकडी चढून आले. दुपारपासून खोकला सुरू झाला. ठिणगी तावातावाने मास्तरांकडे गेली, त्यांनी शिवणीत दाबलेलं सगळं कापड सोडून दिलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. घरात घातला की सैल, बाहेर गेलं की बटण आणि काज यांच्यात वीतभर अंतर.

मग तिने टेप घेतला. आत उभं करून मोजलं, बरोबर. तसाच टेप धरून बाबांना दाराबाहेर आणलं. टेपची टोकं तिच्या हातांतून ओढली जाऊन लांब गेली.

"बाबा, जरा श्वास धरून ठेवा."

त्यांनी गाल फुगवून श्वास धरला. टेप मात्र हलत होता. आवळत होता, सैलावत होता... भरभर, झोपलेल्या लहान मुलाच्या पोटासारखा.

तिने हात काढले नाहीत. "कोण आहे?"

बाबांनी श्वास सोडला. "मी कधी विचारलं नाही. तरुणपणी एकदा टाकीवरून उतरताना पाठीला ऊब लागली. तेव्हापासून घराबाहेर पडलं की पाठुंगळी असतं. जुन्यात मावायचं गं. तू जागाच ठेवली नाहीस."

"मग उतर म्हणावं त्याला."

"कुठे उतरणार? थंडी बघ किती आहे," बाबा म्हणाले, आणि त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की तिने त्यांना धरून आत आणलं.

भांडायला तिच्याकडे पुष्कळ मुद्दे होते. त्या खोकल्यापुढे एकही टिकला नाही. ती मास्तरांकडे गेली. जुना पाठीचा तुकडा त्यांनी टाकला नव्हता. त्याच्यावरून नवी पाठ बेता म्हणाली, फुग्यासकट. मास्तरांनी खडू उचलला.

नवी पाठ लागल्यावर बाबा सकाळी निघाले तेव्हा कोट गळ्यापर्यंत बंद होता. सगळी बटणं सहज लागली होती, आणि पाठीवर कापडाला एक सुरकुती नव्हती. सगळी जागा भरलेली. ठिणगी खिडकीशी उभी राहिली. खोकल्याचा आवाज आला नाही. जिंकल्यासारखं वाटलं तिला.

थंडी कडक होती. टेकडीच्या वाटेवर बाबांच्या तोंडातून वाफ निघत होती, संथ, पावलागणिक एक. त्यांच्या कॉलरच्या मागून, मानेच्या जरा खालून, आणखी एक वाफ निघत होती. छोटी, भरभर.

ठिणगी काचेला नाक लावून पाहत राहिली. वळणावर बाबा पुढे बघतच चालत होते. ती छोटी वाफ मात्र क्षणभर थांबली, आणि मग कॉलरमागून खिडकीच्या दिशेने निघू लागली, कोणीतरी मान वळवून पाहावं तशी.