मास्कमागचे संवाद

लाल दिवा लागलेला असताना डबिंगच्या खोलीचं दार उघडायचं नसतं. तिनं उघडलं.

“टेक गेला,” मी म्हणालो.

“माझी नोकरी जायची वेळ आलीय. तुमचा टेक काय घेऊन बसलात?”

अशी आमची ओळख झाली. ती मालिकेची संवादलेखिका, मी साउंडवाला. पुढे आमचा संसार झाला. आता ती नाही. हे तेव्हाचं सांगतोय.

मालिका एका जीवघेण्या विषाणूची. बंद इमारतीत अडकलेली माणसं, प्रत्येक भागात एक जण मरायचा. प्रेक्षक कंटाळले. चॅनेलचा निरोप आला – यात प्रेमकथा घाला, नाहीतर मालिका बंद. भाग त्याच संध्याकाळी पाठवायचा होता. नवं चित्रीकरण शक्य नव्हतं.

“सगळ्यांना मास्क आहेत,” ती म्हणाली. “ओठ दिसत नाहीत. म्हणजे झालेल्या दृश्यात हवे ते शब्द घालता येतील ना?”

“येतील. पण डोळे दिसतात.”

मी दृश्य लावलं. नायक आणि नर्स पाण्याच्या शेवटच्या बाटलीवरून भांडत होते. नायक तिला खाऊ की गिळू अशा नजरेनं बघत होता.

कलाकार यायला अवकाश होता. तोवर आम्हीच बोलून बघायचं ठरलं. तिनं कागद पुढे केला. मी वाचलं,

“‘तुझ्या डोळ्यांत मला माझं जग दिसतं...’”

ती हसत सुटली. “अहो, विजेचं बिल वाचताय का?”

“मॅडम, हा माणूस चिडलाय.”

“चिडलेला माणूस प्रेम करत नाही?”

“करतो. आमचे वडील आईला म्हणतात, ‘स्वेटर घाल, नाहीतर मर.’”

तिनं कागद फाडला. दुसरे लिहिले, तेही फाडले. दुपार सरली.

“जाऊ दे,” ती म्हणाली. “आजच्या गाडीनं मी घरी जाते. धाकटी बहीण म्हणतेच, शाळेत नोकरी बघ.”

तिनं पर्स उचलली. मी दृश्य पुन्हा चालू केलं, रेकॉर्डिंगही लावलं आणि माइकसमोर उभा राहिलो.

“पाणी तू पी,” मी बोललो. “आणि ऐक... माझ्याआधी गेलीस, तर गाठ माझ्याशी आहे.”

ती दारात थांबली. मी पडद्याकडे बघत नव्हतो. ती परत आली, दुसऱ्या माइकपाशी उभी राहिली. पडद्यावर नर्सनं बाटली हिसकावली.

“मग तूही जायचं नाहीस,” ती म्हणाली. “जमणार आहे का?”

“जमवू.”

दृश्य संपलं. कलाकारांनी तेच संवाद म्हटले, चॅनेलनं ते ठेवले, मालिकाही चालली, पण ते नंतरचं.

“तुमच्या त्या ‘जमवू’च्या वेळी नायक खोलीतून निघून गेलेला असतो,” ती म्हणाली.

“ते नायकाचं नव्हतंच.”

तिनं पर्स खुर्चीवर ठेवली.

“गाडी?” मी विचारलं.

“जाऊ दे गाडी. ते भागातून काढून टाका... आणि मला पुन्हा ऐकवा.”

मी माइक बंद केला आणि तिच्याकडे बघून म्हणालो, “जमवू.”