माई आहे तोवर

त्या दोघांची पहिली भेट झाली जनावरांच्या डॉक्टरांकडच्या बाकावर. भेट कसली, गुंताच तो! तिच्या तीन कुत्र्यांचे तीन पट्टे आणि त्याच्या एका म्हाताऱ्या कुत्रीचा, माईचा, चौथा, असे काही अडकले की सोडवता सोडवता दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. माफी मागायचं सोडून तो हसत सुटला... आणि एरवी कुणाला भीक न घालणारी ही बाई, तिलाही हसू आलं.

ती दातांच्या कवळ्या बनवायची. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून सगळे त्याला पेंटरच म्हणत. ओळख होते न होते तोच त्याने विचारलं, "आमच्या माईचे चार दात पडलेत. कवळी कराल?"

"करीन की. पण माप घेताना गप्प बसावं लागतं. तिला जमेल — तुमचं काही खरं नाही."

झालं! त्यानंतर वर्षभर रोज संध्याकाळी दोघं मैदानावर. थोरला आणि धाकटा हे तिचे दोन बोके — म्हणजे होते कुत्रेच, पण लक्षणं बोक्यांची — गवतात लोळायचे. तिसरी ठकी माईच्या अंगाला अंग लावून बसायची. बघणाऱ्याला वाटावं, सख्ख्या बहिणी! त्याच्या नखांत रोज नवा रंग असायचा आणि आज कुठला, हे ती चोरून बघायची. एका संध्याकाळी हिरवा होता. त्याच दिवशी तो म्हणाला, रोज रोज निरोप घ्यायचा कंटाळा आलाय. ती म्हणाली, एवढंच बोलायला वर्ष लावलंत?

कचेरीत दहा मिनिटांत लग्नाच्या सह्या झाल्या, साक्षीला तिची ताई. आणि मग नवं घर. तळमजला, पुढे एक खोली, मागे एक, मधे स्वयंपाकघर, मागच्या बाजूला चार पावलांचं अंगण. चार कुत्री म्हटल्यावर सात घरमालकांनी दारातूनच वाटेला लावलं होतं, आठव्याला ऐकू कमी यायचं.

चूक तिच्याच हातून झाली, आणि तीही मायेपोटी. माईचे सांधे दुखतात, फरशी गार... म्हणून सामान सोडायच्या आधीच तिने एक जुनी गोधडी काढून अंथरली आणि माईला तिच्यावर निजवलं. गोधडी ठकीची होती. दोन घरांतून हाकललेल्या ठकीची या जगात तेवढीच एक मालमत्ता. ठकी आत आली, तिने बघितलं, आणि क्षणात माईच्या अंगावर गेली. कसंबसं दोघांनी सोडवलं. पण त्या दिवसापासून ठकीने एकच गाठ मनाशी बांधली, की ही म्हातारी आपलं घर घ्यायला आलीय. मैदानावर अजूनही गळ्यात गळा, उंबऱ्याच्या आत मात्र साप-मुंगूस. डॉक्टरांनी समजावलं, मैदान कुणाचंच नसतं, घर कुणाचं तरी असतं.

मग घराची वाटणी झाली. मागची खोली पेंटरची आणि माईची, पुढची तिची आणि तिघांची. स्वयंपाकघर पाळीपाळीने, मधल्या दाराला दोन कड्या. नव्या नवरीने नवऱ्याला चहा द्यायचा तो अंगणाला वळसा घालून, खिडकीतून! पहिला महिना दोघं नुसती हसत होती. तो खिडकीतून कपाबरोबर तिची बोटंही धरून ठेवायचा आणि इकडे धाकटा रडून घर डोक्यावर घ्यायचा. दुसऱ्या महिन्यात हसणं आटलं. ठकी दाराखालच्या फटीला नाक लावून तासन् तास बसायची, आणि पलीकडे माई थरथरायची. माईने खाणं टाकलं.

एका रविवारी दुपारी वाळलेले कपडे छातीशी धरून ती आत आली आणि कोपराने कडी सरकवली. कडी बसलीच नाही. माईच्या मानेला अकरा टाके पडले.

ताई म्हणाली, त्या ठकीला देऊन टाक कुणाला तरी, कुत्र्यांपायी संसार मोडणारी तू पहिलीच. ती काही बोलायच्या आत पेंटरच म्हणाला, "तिला दोनदा टाकलंय लोकांनी. तिसऱ्यांदा टाकणारे आपण नको."

चार दिवसांनी त्याने आपली गादी गुंडाळली. तो पाट्या रंगवायचा त्या दुकानामागे त्याची जुनी खोली होती. दारात उभा राहून तो म्हणाला, "माई आहे तोवरच. डॉक्टर म्हणतात, चार-सहा महिने." आणि आपण काय बोललो ते कळून त्याने मान खाली घातली.

संध्याकाळी मैदानावर भेटायचं, दिवेलागणीला निरोप घ्यायचा. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! फरक एवढाच, की आता ती रिकामी मागची खोली झाडायला घरी परतायची. एकदा माईला खोकल्याची उबळ आली. थांबता थांबेना. आणि तिच्या मनात, नको नको म्हणताना, काहीतरी हलकं झालं... आता फार दिवस नाहीत. दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःची किळस आली.

"मला आत्ता बरं वाटलं," ती म्हणाली. "ती खोकली तेव्हा. कसली बायको केलीस रे तू!"

तो पायाखालचं गवत उपटू लागला.

"मला परवाच वाटलं," तो म्हणाला. "आणि मी तर तिला पिल्लू असल्यापासून वाढवलंय."

दोघं तिथेच बसून रडली, कुणी बघेल याची पर्वा न करता.

दुसऱ्या दिवसापासून ती कामावरून लवकर निघू लागली. कोंबडीचं मांस मऊ शिजवायचं, दात पडलेल्या तोंडाला चावावं लागणार नाही असं बारीक करायचं, त्यात औषधाची गोळी चुरून डबा भरायचा. माई फक्त तिच्या हातून खाऊ लागली. महिन्याभरात अंग धरलं, डोळ्यांत तेज आलं. डॉक्टरांनी तपासलं, वजन केलं आणि खूश होऊन सांगितलं, हिला आता वर्ष-दीड वर्ष काही होत नाही.

बाहेर आल्यावर तो तिच्याकडे बघत राहिला. "काय करतेयस तू, कळतंय ना तुला?"

"कळतंय."

मैदानावर नेहमीच्या जागी तिने डबा उघडला. माईने अर्धा खाल्ला आणि तोंड फिरवलं. तिने डोळे पुसले, हात पुन्हा पुढे केला.

"खा गं बाई," ती म्हणाली, "अजून थोडं खा."