जिऱ्याचा वास

यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही, हवी तर पैज लावा. पण पोर्ट सैदच्या बंदरात एक जहाज निव्वळ प्रेमापायी इतकं रखडलं, की समुद्रपक्ष्यांनी त्याच्या धुराड्यात घरटी बांधून पिल्लं उडवली.

जहाजाच्या तळाशी इंजिनाचं तेलकट पाणी साचतं. ते गाळून स्वच्छ झाल्याशिवाय समुद्रात सोडायचं नाही, आणि बंदराची तपासनीस नगवा हिने ‘स्वच्छ’ म्हटल्याशिवाय जहाजाने हलायचं नाही. धक्क्याच्या टोकाला तिची तपासणीची खोली. खिडकीतून जाणारी जहाजं दिसत. कठड्यावरून माणसं हात हलवत... पण ते दुसऱ्याच कुणासाठी. म्हणून ती खिडकीकडे पाठ करून जेवायची.

अशात लस्साद आला. दूर स्फाक्स शहरातला, त्याच जहाजाच्या इंजिनावर काम करणारा. गाळलेल्या पाण्याची बाटली पुढे धरून म्हणाला, “बघा, इंजिनिअरीणबाई. आमच्या आईच्या विहिरीचं पाणीसुद्धा इतकं नितळ नाही.”

नगवाने बाटली उन्हात धरली. वर सप्तरंगी तवंग.

“आईला म्हणावं, विहीर उपसून घ्या. उद्या या.”

दुसऱ्या दिवशी तवंग. त्याच्या दुसऱ्या दिवशीही... आणि हा पठ्ठ्या नापास होऊन हसत परत जायचा. नगवा आताशा खिडकीकडे तोंड करून जेवू लागली होती.

एकदा तिने बूच काढून वास घेतला.

“तुमचं इंजिन जिरं खातं का हो?”

लस्साद कानापर्यंत लाल झाला. “हरभऱ्याच्या रश्श्यावरचं ऑलिव्हचं तेल... बाटलीत रोज एकच थेंब टाकतो. पाणी पहिल्यापासून स्वच्छ आहे.” मग हळूच, “आज काय सांगणार?”

खरं सांगावं तर जहाज जाणार. नगवाने बूच परत घट्ट बसवलं. मग म्हणाली, “घाण आहे. उद्या या.”

मग काय विचारता... उद्याचे परवा झाले, पक्षी आले, घरटी झाली, कप्तान कंटाळून कोंबड्या पाळू लागला, आणि या दोघांनी इथेच, याच कहवाखान्यामागे, घर—

“खोटं,” खिडकीजवळच्या टेबलावरून नगवाबाईंनी गोष्ट सांगणाऱ्या काकांना मध्येच तोडलं. हातातला चहा केव्हाच निवला होता. “मी ‘स्वच्छ’ म्हटलं होतं, काका. जहाज त्याच दुपारी गेलं.”

त्यांनी पेला खाली ठेवला.

“हात मात्र... त्याने मलाच हलवला होता.”