सतरा एप्रिलची दोन उड्डाणं

दोन वह्यांत एकच विमान, एकच सकाळ. सतरा एप्रिल, नांदेड–लातूर–नांदेड, एकट्यानं.

कॅप्टन हणमंतरावांनी दोन्ही उड्डाणवह्या शेजारी ठेवल्या. कृत्रिम पावसाच्या विमानासाठी वैमानिक निवडायला ते नांदेडच्या फ्लाइंग क्लबात आले होते. अट दोनशे तासांची. उमेदवार दोनच उरले होते, आणि त्यातला एक खोटा होता.

सिद्धलिंगची ओळ स्वच्छ होती: लातूरला उतरलो, दोन तास दहा मिनिटं. सिंधूच्या वहीतही तेच होतं, पण काट मारून पुढं लिहिलेलं: न उतरता परत, एक तास पस्तीस. दोन्हींखाली प्रशिक्षक मलप्पांची सही. मलप्पांना काहीच आठवेना. क्लबचं रजिस्टर त्या महिन्यात कोरंच होतं.

संशय अर्थातच सिंधूवर गेला. हणमंतरावांनी तिला आधी बोलावलं, जरा कडकच विचारलं.

"काट कशाची?"

"निघायच्या आधीच ओळ लिहून ठेवली होती, सर. पट्टीवर जनावरं दिसली, उतरता आलं न्हाई. दुसऱ्या दिवशी दुरुस्त केली." तिनं मान खाली घातली. "आधी लिहायला नको होतं."

मग सिद्धलिंग आला.

"लातूरला काय दिसलं?"

"काही न्हाई, सर. पट्टी मोकळी होती."

हणमंतरावांनी लातूरच्या नव्या जिल्हा कचेरीत फोन लावला. उत्तर ऐकून दोघांना आणि मलप्पांना समोर बसवलं.

"दुष्काळामुळं दहा एप्रिलपासून लातूरच्या धावपट्टीवर चारा छावणी आहे. तिथं कुणीच उतरलेलं नाही. आता सिंधूनं खोडलेली ओळ वाचा. दोन तास दहा. सिद्धलिंग, तुझेही मिनिटापर्यंत तेवढेच. तिची वही त्या दिवशी क्लबातल्या टेबलावर पडलेली असणार. तू तिची ओळ उतरवलीस. दुसऱ्या दिवशी ती खोडली जाईल, हे तुला ठाऊक नव्हतं."

सिद्धलिंगनं स्वतःची वही मिटून जवळ घेतली.

"हाव," तो म्हणाला. "दोन तास कमी पडत होते."

मलप्पा स्वतःच्या सहीकडं बघत राहिले. न वाचता सही केली, असं कसंबसं बोलले. हणमंतरावांनी सिंधूची माफी मागितली आणि नेमणुकीचा कागद तिच्यापुढं सरकवला. तिला धड हसताही आलं नाही.

बाहेर बाकावर सिद्धलिंगचे वडील शरणप्पा बसले होते. उदगीरचं दुकान बंद ठेवून आले होते.

"झालं का रे?"

सिद्धलिंगनं वही उघडली, ती ओळ त्यांना दाखवली.

"हे उड्डाण मी केलंच न्हाई, अप्पा."